गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा : जीवन व वारसा

परदेशांतून आलेलें वाद्य आपलें केव्हां होतें? हा प्रश्न आमच्या प्रांतांत नवा नाहीं. पेटी, म्हणजे हार्मोनियम, युरोपांतून आली. आज तिच्यावांचून कीर्तन उभें राहत नाहीं, व नाट्यसंगीताची तर कल्पनाहि करवत नाहीं. व्हायोलिनची तीच गोष्ट. गायकाच्या मागें बसून त्याच्या तानेची सावली होणारें तें वाद्य मूळचें इटलीचें, हें श्रोत्यांच्या ध्यानींहि येत नाहीं. तेव्हां वाद्य कोठें घडलें यापेक्षां तें वाजविणाऱ्याचा कान कोणत्या सुरांवर वाढला, यावरच त्याचें आपलेपण अवलंबून असतें, असें म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

आतां पाळी गिटारची आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही गांवीं गिटार शिकणारीं मुलें व मुली आज पुष्कळ दिसतात. जिमी हेन्ड्रिक्स, एरिक क्लॅप्टन हीं नांवें त्यांच्या मुखीं असतात, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु मुंबईंत जन्मलेल्या व आपल्या मातींतले सूर घेऊन लंडनच्या वादकांत मानानें बसलेल्या एका गोमंतकीय गिटारवादकाचें नांव त्यांतील फारच थोड्यांच्या कानीं पडलेलें असतें. त्या अमान्सिओ डिसिल्वा यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून द्यावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

ब्लूज म्हणजे काय?

डिसिल्वा हे मुख्यतः जाझ संगीताचे वादक होत. परंतु जाझ काय किंवा रॉक काय, दोहोंच्या मुळाशीं ब्लूज हा गायनप्रकार आहे. म्हणून प्रथम त्याचाच विचार करणें इष्ट होय. अमेरिकेच्या दक्षिण भागांत आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेले लोक व त्यांचे वंशज कापसाच्या शेतांत राबत असत. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, तरी दारिद्र्य व अपमान हे सरले नाहींत. काम करतांना एकानें ओळ म्हणावी व इतरांनीं तिला उत्तर द्यावें, अशीं श्रमगीतें त्यांच्यांत रूढ होतीं. त्या श्रमगीतांतून व भक्तिगीतांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज जन्मास आला.

हें समजण्यास आमच्या वाचकांस दूर जावयास नको. कर्जतहून मुंबईस जाणाऱ्या लोकलगाडीच्या एखाद्या डब्यांत भजनी मंडळ बसलेलें असतें. बुवा चरण म्हणतात, आणि टाळांच्या ठेक्यावर इतर मंडळी तो चरण उचलून धरतात. गाण्याची ही देवाणघेवाण ब्लूजमध्येंहि आहे. आणि जात्यावर बसलेली आमची आजी सासरचें दुःख ज्या ओवींत घालीत असे, तिचें व ब्लूजचें नातें तर बहिणीबहिणींचें म्हणावें लागेल. दोहोंत कष्ट करणारें माणूस आपलें दुःख आपल्याशींच बोलतें, आणि बोलल्यानें तें हलकें होतें.

ब्लूजची बांधणी ठराविक असते. एका कडव्यांत चार-चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे एकूण ४८ मात्रा असतात. ओळी तीन, दुसरी ओळ बहुधा पहिलीचीच पुनरुक्ति असते व तिसरी त्या दोहींस उत्तर देते. प्रत्येक ओळीच्या वांट्यास १६ मात्रा येतात. ठेका व चाल निराळी असली, तरी तबल्याच्या विद्यार्थ्यानें त्रितालाचीं तीन आवर्तनें मनांत धरलीं कीं या कडव्याचें माप त्याच्या हातीं येतें. स्वरसंघांची मांडणीहि सोपी आहे : पहिल्या चार विभागांत षड्जावरील स्वरसंघ, पुढील दोहोंत मध्यमावरील, नंतरच्या दोहोंत पुन्हां षड्जावरील, नवव्यांत पंचमावरील, दहाव्यांत मध्यमावरील, व शेवटच्या दोहोंत परत षड्जावरील.

परंतु ब्लूजचा प्राण या मापांत नाहीं. तो सुरांच्या लवचिकपणांत आहे. गांधार व निषाद हे स्वर ब्लूजचा गायक पुरते कोमलहि लावीत नाहीं व पुरते शुद्धहि लावीत नाहीं. दोहोंच्या मधल्या एखाद्या जागीं तो त्यांस झुलवितो. पियानोच्या पट्ट्यांवर ती जागाच नाहीं. आमच्या संगीतांत मात्र अशा सूक्ष्म जागांस श्रुति हें नांव फार पूर्वींपासून आहे. ती जागा गांठण्यासाठीं गिटारवादक तार पडद्यावर दाबतो व आडवी ओढतो. सतारीवर मींड काढतांना सतारिया हेंच करतो. एकमेकांचें नांवहि ठाऊक नसलेले दोन देशांतील वादक एकाच युक्तीचा आश्रय करतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण डिसिल्वांच्या वादनाची किल्ली यांतच आहे.

गिटार व वीज

गिटारला सहा तारा असतात. खर्जाच्या तारेस षड्ज मानलें, तर त्या अनुक्रमें षड्ज, मध्यम, कोमल निषाद, वरच्या सप्तकांतील कोमल गांधार व पंचम, आणि त्याहिवरील षड्ज अशा लागतात. लाकडी गिटारचा आवाज नाजूक. बँडमधील ट्रंपेट व ढोल यांपुढें तो ऐकूंच येत नसे. म्हणून गिटारवादकानें मागें बसून ठेका धरावा, एवढेंच त्याचें काम.

हा दर्जा विजेनें बदलला. सुमारें १९३० नंतर गिटारच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविण्यांत येऊं लागलें. पोलादी तार कंप पावली कीं चुंबकाच्या क्षेत्रांत फरक पडतो, आणि वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढलेला, आमच्या विज्ञानाच्या पुस्तकांतला नियम तो हाच. हा प्रवाह ध्वनिवर्धकानें वाढविला म्हणजे गिटार साऱ्या वाद्यमेळावर मात करूं शकते. चार्ली ख्रिश्चन (१९१६–१९४२) या अमेरिकन वादकानें १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या मेळांत विजेवरची गिटार वाजवून तिला प्रमुख वाद्याच्या जागीं आणून बसविलें. ध्वनिवर्धकास त्याच्या शक्तीबाहेर राबविलें असतां ध्वनिलहरींचीं शिखरें कापलीं जातात व आवाज घोगरा आणि दाट होतो. पुढें रॉकच्या वादकांनीं हा दोषच गुण म्हणून पत्करला.

मडी वॉटर्स हे १९४३ सालीं मिसिसिपीचीं शेतें सोडून शिकागोस गेले व तेथें त्यांनीं ब्लूजला विजेची जोड दिली. त्यांच्या व इतरांच्या तबकड्या ऐकून लंडनच्या तरुणांनीं १९६० नंतर जें संगीत निर्माण केलें, तेंच ब्लूज-रॉक. सप्टेंबर १९६६ मध्यें जिमी हेन्ड्रिक्स अमेरिकेंतून लंडनला आले, आणि १८ सप्टेंबर १९७० रोजीं, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षीं, त्याच शहरीं त्यांचा अंत झाला. त्या चार वर्षांत त्यांनीं गिटारचा कायापालट केला. लंडनमध्यें गिटारला असे दिवस आले असतां, १९६७ सालीं, आमचे चरित्रनायक त्या शहरीं दाखल झाले.

जन्म व मुंबईचे दिवस

अमान्सिओ डिसिल्वा यांचा जन्म १९ मार्च १९३६ रोजीं मुंबईंत एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांत झाला. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलिपि वाचण्याचें व व्हायोलिन वाजविण्याचें शिक्षण मिळत असे. पुढें तेथील पुष्कळ तरुण पोटासाठीं मुंबईस आले. संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या काळचीं चित्रपटगृहें, मोठमोठीं हॉटेलें व अखेर हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद या सर्व ठिकाणीं गोमंतकीय वादकांवांचून पान हालत नसे. अल्दोना गांवचे आन्तोनिओ झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७), हे ट्रंपेटवादक संगीतकार सी. रामचंद्र यांच्या साह्यास होते. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतांत त्यांचा हात होता. माजोर्दा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनीं तर रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना केल्या. एका कानीं भारतीय सूर व दुसऱ्या कानीं पाश्चात्य सूर ठेवून जगणाऱ्या या मंडळींतच डिसिल्वा वाढले.

तरुणपणीं ते जाझ बँडांतून गिटार वाजवूं लागले. त्यांचें वादन ऐकून जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनीं त्यांस आश्रय दिला व एक उत्तम गिटार घेऊन दिली. पुढें लंडनमध्यें त्यांनीं केलेल्या रचनांत ‘जयपूर’ व ‘महाराणी’ हीं नांवें आढळतात. हा कृतज्ञतेचा उल्लेख आहे, असें आम्ही समजतों.

त्यांचा विवाह आयर्लंडमधील एका स्त्रीशीं झाला. १९६७ सालीं आजारी अपत्यावर चांगले उपचार व्हावे म्हणून या दांपत्यानें भारत सोडून लंडनला जाण्याचें ठरविलें. कीर्तीच्या शोधांत ते गेले नाहींत, हें येथें मुद्दाम नमूद केलें पाहिजे. घर सोडतांना मनुष्य बरोबर काय नेतो, हें उल्हासनगरच्या वाचकांस सांगावयास नको. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील हजारों कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरलीं, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. घर, जमीन, दुकान सारें मागें राहिलें. परंतु लग्नांतले लाडे व संतांचे कलाम बरोबर आले, कारण त्यांस गांठोड्यांत जागा लागत नाहीं. डिसिल्वांवर तसा देशत्यागाचा प्रसंग ओढवला नव्हता. तरी ओळखीचें गांव व मिळतें काम सोडून, लेंकराच्या दुखण्यापायीं परक्या देशीं नव्यानें उभें राहणें, हेंहि लहान संकट नव्हे.

लंडनमधील कार्य

त्या वेळीं लंडनमध्यें भारतीय संगीताची मोठी हवा होती. बीटल्स मंडळींनीं १९६५ सालीं आपल्या एका गाण्यांत सतार वाजविली होती, व १९६७ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील माँटेरे येथें पंडित रविशंकर यांनीं हजारों तरुणांस तासन् तास खिळवून ठेविलें होतें. जाझच्या क्षेत्रांतहि कलकत्त्याचे जॉन मेयर व जमेकांत जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनीं सतार, तंबोरा व तबला यांचा पाश्चात्य वाद्यांशीं मेळ घातला होता. त्या मेळांत तबल्यावर आमचे मराठी वादक केशव साठे होते, हें वाचकांस ऐकून संतोष होईल.

अशा स्थितींत भारतांतून आलेल्या वादकानें सतार जवळ केली असती, तर कोणी आश्चर्य मानलें नसतें. डिसिल्वांनीं प्रथम तसें केलें नाहीं. डेनिस प्रेस्टन या ध्वनिमुद्रण-निर्मात्यानें त्यांचे गुण हेरले, आणि १९६९ सालीं त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. त्या शब्दाचा अर्थ एकीकरण. इयान कार यांचा ट्रंपेट, डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, डेव्ह ग्रीन यांचा बास व ट्रेव्हर टॉमकिन्स यांचे ड्रम्स, अशा इंग्रज वादकांच्या साथींत डिसिल्वांनीं आपली गिटार वाजविली. सतार नाहीं, तबला नाहीं. तरी सुरावटींतून भारत ऐकूं येतो. एका रचनेचें नांव ‘गंगा’, तर दुसरीचें ‘मुंबईंतील एक रस्ता’ या अर्थाचें आहे.

येथेंच त्यांची थोरवी आहे, असें आमचें मत आहे. दोन संगीतपद्धतींचीं वाद्यें शेजारीं शेजारीं बसविणें हा मेळाचा एक मार्ग होय, व त्यानेंहि उत्तम संगीत निर्माण झालें. परंतु डिसिल्वांनीं मेळ घातला तो वाद्यांत न घालतां बोटांत घातला. सुरांचा क्रम कसा रचावा, एका स्वरावर किती थांबावें, तार किती ओढावी, या बारीक गोष्टींतून त्यांचें भारतीयत्व प्रगट होई. तें सिद्ध करण्यास त्यांस वेगळ्या खुणेची गरज पडली नाहीं.

‘हम दोनों’

त्याच १९६९ सालीं जो हॅरियट यांच्यासह त्यांनीं ‘हम दोनों’ ही तबकडी केली. नांव सार्थ आहे. हॅरियट यांचा जन्म १९२८ सालीं जमेकांतील किंग्स्टन येथें झाला. ज्या आफ्रिकन लोकांच्या यातनांतून अमेरिकेंत ब्लूज निघाला, त्यांच्याच भाईबंदांचे वंशज त्या बेटावर राहतात. एक जमेकन व एक गोमंतकीय, दोघेहि दूरच्या किनाऱ्यांवरून राजधानींत आलेले, दोघांनाहि पाश्चात्य वाद्य हातीं मिळालेलें, आणि दोघांनाहि त्यांतून स्वतःचेंच कांहीं सांगावयाचें होतें. या तबकडींत नॉर्मा विन्स्टन यांनीं शब्दांवांचून केवळ स्वरांनीं गायन केलें आहे; आलापाची संवय असलेल्या आमच्या कानांस तें परकें वाटत नाहीं. ‘गोव्याचें गीत’ या अर्थाच्या नांवाची एक रचनाहि तींत आहे. पोर्तुगीज अंमलाखालील गोमंतक १९६१ सालीं मुक्त झाला होता. लंडनमध्यें बसून त्याची आठवण गिटारच्या तारांवर काढणारा हा मुंबईकर आपलें मूळ विसरला नव्हता, हेंच यावरून दिसतें.

दुर्दैवानें हॅरियट यांचें २ जानेवारी १९७३ रोजीं निधन झालें. शेवटचीं वर्षें त्यांनीं आजारपणांत व विपन्नावस्थेंत काढलीं. ‘हम दोनों’चा सोबती असा अकालीं गेला.

उत्तरायुष्य

१९७१ सालीं डिसिल्वांची ‘रिफ्लेक्शन्स’ ही तबकडी निघाली. १९७२ सालीं ‘कॉस्मिक आय’ या नांवाच्या वाद्यमेळानें त्यांची ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. तींत मात्र सतार व तबला यांस स्थान असून, जाझ, राग व त्या काळच्या रॉकची स्वप्नवत् छटा यांचा संगम आहे. याच सुमारास ‘कोंकण डान्स’ या नांवाचें त्यांचें आणखी एक ध्वनिमुद्रण झालें. परंतु तें त्या वेळीं प्रकाशितच झालें नाहीं. लोकांची अभिरुचि पालटत होती, जाझच्या तबकड्यांचा खप घटला होता, आणि दोन परंपरांच्या सीमेवर उभ्या असलेल्या कलावंताची जी अवस्था नेहमीं होते तीच येथेंहि झाली : दोन्ही बाजूंचे लोक त्यास पलीकडचा समजले.

पुढील काळांत डिसिल्वांनीं लंडनमध्यें संगीत शिकविण्याचें काम केलें. मंचावरचा प्रकाश ओसरल्यावर पुष्कळ कलावंत कडवट होतात. यांनीं हातची विद्या दुसऱ्यांच्या हातीं दिली. १७ जुलै १९९६ रोजीं लंडन येथें, वयाच्या साठाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. ‘कोंकण डान्स’ लोकांच्या हातीं आलें तें २००६ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं. त्यांच्या जुन्या तबकड्या दुर्मिळ झाल्या होत्या. संग्राहक त्यांच्या शोधांत फिरत. एकविसाव्या शतकांत त्या पुन्हां प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांच्या जन्मानंतर जन्मलेले नवे श्रोते त्या आवडीनें ऐकत आहेत.

वारसा

या चरित्रापासून विद्यार्थ्यानें काय घ्यावें? कित्येक म्हणतील कीं, ज्याचें उत्कृष्ट ध्वनिमुद्रण तीस वर्षांहून अधिक काळ पेटींत पडून राहिलें, त्यास यशस्वी कसें म्हणावें? आक्षेप खोटा नाहीं. धन व गाजावाजा यांचें माप लावलें, तर हेन्ड्रिक्स यांच्या शेजारीं डिसिल्वांचें नांव उभें राहणार नाहीं. परंतु हेन्ड्रिक्स यांची नक्कल करणारे वादक आज जगांत मोजतां येणार नाहींत इतके आहेत. त्यांतील किती जणांचें वादन पन्नास वर्षांनंतर कोणी शोधीत येईल? नकलेचा वारसा मागें राहत नाहीं. डिसिल्वांचें वादन शोधीत लोक आले, याचें कारण त्यांत जें होतें तें दुसरीकडे कोठेंहि मिळत नव्हतें.

म्हणून आमच्या तिन्ही गांवच्या तरुण गिटारवादकांस आमचें सांगणें एवढेंच आहे. पाश्चात्य गुरूंचें वादन मन लावून ऐका. त्यांच्यावांचून हें वाद्य साधणार नाहीं. बारा विभागांचा ब्लूज पाठ करा, बोटांस घट्टे पडेपर्यंत सराव करा. परंतु त्याबरोबरच आजीची ओवी, डब्यांतलें भजन, शेजारच्या सिंधी घरांतला लाडा, कोळीवाड्यांतलें गाणें हींहि कानांत सांठवीत जा. एके दिवशीं तार ओढतांना तुमचें बोट या सुरांपैकीं एखाद्या सुरावर आपोआप थांबेल. तेथें हात मागें घेऊं नका. कारण त्या क्षणीं गिटार तुमची झालेली असेल.